ऑकलंडहून आलेला मुलगा

फिंटनने मागच्या दारात बॅग टेकवली, तोच बापाने, मॅलकीने, ती उचलली आणि त्याला जिन्याकडे ढकललं. पुढच्या खोलीत उघड्या शवपेटीत आई, नुअला, होती. तिच्या बोटांना गुंडाळलेली जपमाळ तेवढी त्याला ओझरती दिसली.

"बाबा, आधी आईला..."

"वर चल म्हणतो ना."

वरच्या खोलीचं दार लावून म्हातारा पलंगाच्या कडेवर टेकला. खाली शेजारणी चहाचं आधण ठेवत होत्या.

"आई काल संध्याकाळी गेली," तो हळू म्हणाला. "आणि आज दुपारी तू हजर. शेजारच्या डिम्पनाची लेक ऑकलंडलाच असते. तिथून विमानं बदलत घरी यायला दीड दिवस लागतो, हे तिला कुणी शिकवायला नको."

फिंटनची मान खाली गेली. ऑकलंडची नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो घरापासून जवळच, समुद्रापलीकडे लिव्हरपूलला राहत होता. आईला मात्र रात्री फोन करून सांगायचा, "इथे सकाळ झालीय गं." काल बहिणीचा फोन आला आणि खोटं सांभाळायचं भानच उरलं नाही. मिळेल त्या विमानात तो बसला.

"कुठून आलास ते मी विचारत नाही," मॅलकी म्हणाला. "उद्या दफनाच्या आधी खाली ये. तोवर तू विमानात आहेस. तुझं कौतुक सांगताना तिचं तोंड दुखायचं नाही. आज तिच्या उशाशी लोकांची कुजबुज नको मला."

दार ओढलं गेलं.

तिन्हीसांजेला खाली जप सुरू झाला. घरातल्या प्रत्येकाने दहा मण्यांची एक फेरी म्हणायची, ही त्या घरची रीत. पहिली मॅलकीने म्हटली, दुसरी बहिणीने, उनाने. तिसरी नेहमी फिंटनची.

खाली सगळं थांबलं. कुणीतरी खाकरलं.

"मीच म्हणते," उनाचा आवाज आला.

फिंटन नुसत्या मोज्यांवर जिना उतरला. कुणाकडे न बघता शवपेटीशी गुडघे टेकले आणि 'नमो मारिया' म्हणायला लागला. पहिल्या दोन मण्यांना शब्द चुकले. मागच्या बायका मात्र धीराने उत्तर देत राहिल्या.

जप संपला. डिम्पना चहाचा पेला घेऊन त्याच्याजवळ आली.

"पोरा, आलास पण इतक्यात! वाऱ्यावर बसून आलास की काय? किती वेळ लागला रे ऑकलंडहून?"

मॅलकीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मी लिव्हरपूलहून आलो, डिम्पनाबाई." फिंटनने मान वर केली. "दोन वर्षं तिथेच आहे. विमानाने तासभर लागतो."

कुणी हसलं नाही. डिम्पनाने पेला त्याच्या हातात दिला, मग शवपेटीवर वाकून नुअलाच्या कपाळावरची बट सारखी केली.

"ऐकलंस का गं, नुअला?" ती म्हणाली. "तासभर."