हॉपरमधली कमान

मावशीच्या कारखान्यात पाऊल टाकलं आणि सटासट शिंका आल्या.

"झाली पावडरीशी ओळख! आता मास्क लाव," मावशी म्हणाली.

मावशी कपडे धुण्याची पावडर बनवते. यंत्र स्वतःचं, डोकंही स्वतःचं! त्या दुपारी एका मोठ्या लाँड्रीचे मालक येणार होते. त्यांच्यासमोर यंत्राने न थांबता पिशव्या भरल्या, तर वर्षभराचं काम मावशीला. थांबलं, तर दुसऱ्या कुणाला तरी.

आणि सकाळीच ते अडकलं! वरचा हॉपर, म्हणजे पत्र्याचा भलामोठा उलटा शंकू, काठोकाठ भरलेला. पण खालच्या तोंडातून चिमूटभरही पडेना. मावशी फोनवर. मी पडले अतिशहाणी. हातोडा उचलला आणि दिला एक ठाण्णकन. पत्र्याला पोचा आला. पावडर मात्र ढिम्म.

"अगं भवाने, हॉपर आहे तो, शाळेची घंटा नव्हे!"

आता माझी धडगत नाही, असं वाटलं. पण मावशीने कागदावर थोडी पावडर ओतली. ढीग कसा ताठ उभा राहिला.

"पाणी पसरलं असतं. हे कण एकमेकांना धरून बसतात. आत तोंडावर त्यांनी कमान बांधलीय, आणि वरचा भार ती पेलतेय. तू हाणलंस, ती आणखी घट्ट झाली."

"पण काल तर मस्त वाहत होती!"

तिने थोडी पावडर मुठीत आवळून मूठ उघडली. आत गोळा तसाच. "थोडी ओल धरलीय. झाकण मीच उघडं ठेवलं."

मग तिने हॉपरच्या बुडाशी असलेलं हवेचं बटण दाबलं. फुस्स! आत हवेचा झोत घुसला, कमान कोसळली, पावडर धो धो खाली. मी तर टाळ्याच वाजवल्या. तो सगळा माल फिरत्या पिंपात घालून तिने धुरासारखी हलकी, बारीक पूड मूठभर टाकली.

"आणखी बारीक घातल्यावर आणखीच चिकटेल ना?"

"बघ की."

पिंप फिरून थांबलं. या वेळी कागदावरचा ढीग आपोआप पसरला!

"ही पूड कणाकणांच्या मधे शिरते," मावशी म्हणाली. "लहानपणी तुम्हा भावंडांच्या मधे मी झोपायचे ना, तशी. एकमेकांच्या झिंज्या धरू देत नाही."

हे असलं काही आमच्या पुस्तकात का नाही?

दुपारी मालक आले. पिशव्या भरू लागल्या. शेवटच्या काही उरल्या आणि धार बारीक होत चालली. माझ्या पोच्यापाशीच पावडर साचत असणार! मावशी पार पलीकडे, पिशव्या शिवत होती. मालकांनी हॉपरवर हात उगारला. "देऊ का एक थाप?"

"काका, नको! कमान घट्ट होईल!" मी धावले, बटण दाबलं. फुस्स! धार तुटता तुटता पुन्हा जाड झाली.

शेवटची पिशवी भरल्यावर मालकांनी विचारलं, "ही कोण?"

"भाची. पोचाही तिचाच," मावशी म्हणाली.

मालक खो खो हसले. "पुढच्या आठवड्यापासून माल पाठवा. आणि आमच्याकडेही पावडर अशीच अडकते, तिथल्या लोकांना ही कमान समजवायला हिलाही!"

ते गेल्यावर मावशीने पोचा काढायला पत्रेवाल्याला फोन लावला. तो यायच्या आत मी पोच्याबरोबर फोटो काढून घेतला.