अच्युतरावांचं खंडन

अच्युतराव पांढरीपांडे निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण हातातली कात्री काही सुटली नाही. सरकारी प्रसिद्धी कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सकाळी सगळी वर्तमानपत्रं चाळायची, सरकारबद्दलची बातमी कापून कोऱ्या कागदावर चिकटवायची, वर पेपरचं नाव, तारीख, पान लिहायचं आणि कोपऱ्यात शेरा मारायचा: अनुकूल की प्रतिकूल. प्रतिकूल असली तर दुपारपर्यंत खंडन टाइप करून पेपरकडे धाडायचं. भोपाळच्या शिवाजी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आनंद नगरच्या घरात आल्यावर सरकार सुटलं, तेव्हा गड्याने कापायला दुसरं काहीतरी शोधलं. मुलीची कंपनी.

मुलगी शर्वरी कोरवेदमध्ये होती. देशभरातल्या इस्पितळांत जी सॉफ्टवेअरं चालतात त्यातली निम्मी या कोरवेदची, असं अच्युतराव ज्याला त्याला सांगत. खरं-खोटं देव जाणे. शर्वरी वरच्या खोलीत बसून काम करायची आणि खाली बाप तिच्या कंपनीच्या दोन फायली सांभाळायचा. अनुकूल फाईल चांगली गुटगुटीत झाली होती. प्रतिकूल फाईल त्यांनी बायकोच्या, मालतीबाईंच्या साड्यांखाली ठेवली होती, पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून. ती पोर दिवसभर इंटरनेटवर बसलेली, तिला काय ठाऊक नसणार? पण बापाचं मन, त्याला कोण समजावणार.

ऑगस्टमध्ये साड्यांखालची फाईल फुगू लागली. कोरवेदच्या सॉफ्टवेअरमुळे इस्पितळांत एका रोग्याचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जात होता. कुठल्याशा गावी एका बाईला दुसरीचीच औषधं दिली गेली आणि ती दगावली. कंपनीने जाहीर केलं, हा दोष आम्हाला या मंगळवारीच कळला आणि त्याच दिवशी आम्ही तो दूर केला.

लोक काय गप्प बसतात? सकाळच्या फेरीनंतर कॉलनीच्या बागेत बाकावर जी मंडळी टेकायची, त्यांना महिनाभराचं खाद्य मिळालं. कोणी म्हणे कोरवेद म्हणजे नुसता फुगा, कोणी म्हणे पोरांना राबवून घेतात आणि कामाच्या नावाने शंख. आदल्या वर्षी याच मंडळींनी आपापल्या नातवंडांचे अर्ज शर्वरीकडे पाठवले होते, ते सगळे सोयीस्कर विसरले. अच्युतरावही त्याच बाकावर बसत. मग कारखान्यातून निवृत्त झालेले विश्वनाथ काका हसत म्हणाले, "अच्युतराव, तुमची शर्वरी याच कामावर आहे ना? मग ती काय झोपली होती?"

ते अच्युतरावांना झोंबलं. दुसरं काहीही बोलले असते तर चाललं असतं. पण झोपली होती? जूनपासून ती पोर धड जेवली नव्हती. जूनमध्येच एकदा ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली होती, "बाबा, रिपोर्ट अदलाबदल होतायत. मी वर कळवलंय, पण कोणी सिरियसली घेत नाहीये. आम्ही चौघंच मिळून ठीक करतोय. बाहेर कुठे बोलू नका हं."

ते कुठे बोलले नव्हते. आणि आता ते जे करणार होते, ते त्यांच्या हिशेबी बोलणं नव्हतंच. खंडन होतं. बोलणं वेगळं, खंडन वेगळं, हे चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं.

त्याच दुपारी त्यांनी हिंदी पेपरच्या संपादकाला पत्र लिहिलं. खंडनात नाव हवं, तारीख हवी, ठोस तथ्य हवं, नाहीतर ते केराच्या टोपलीत जातं. सगळं घातलं त्यांनी. माझी कन्या शर्वरी त्याच विभागात आहे, दोष जूनमध्येच तिच्या ध्यानात आला होता, तेव्हापासून ती आणि तिचे सहकारी अहोरात्र झटत आहेत, सबब कंपनी बेफिकीर असल्याचा आरोप निराधार आहे. शेवटी कचेरीतलं ते ठेवणीतलं वाक्य, जे त्यांनी फुटलेल्या धरणापासून कोसळलेल्या शाळेपर्यंत प्रत्येक खंडनाला लावलं होतं: मामला पहले से संज्ञान में है, आवश्यक कार्रवाई जारी है. सरकारला आधीच माहीत होतं असं म्हटलं की सरकार जागं दिसतं, एवढंच त्यांना शिकवलेलं. वाचणारा त्यातून दुसरं काय वाचेल, हे पाहायला त्यांना कधी कोणी बसवलं नव्हतं.

गुरुवारी सातव्या पानावर पत्र छापून आलं. अच्युतरावांनी ते बागेत नेऊन वाचून दाखवलं आणि विश्वनाथ काकांचं तोंड बंद झालं. घरी येऊन कापलं, चिकटवलं, कोपऱ्यात अनुकूल लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कात्रणाखाली त्यांचं स्वतःचं नाव होतं. शर्वरीला रविवारी, ती जरा निवांत असताना दाखवायचं त्यांनी ठरवलं.

शनिवारी तेच पहिल्या पानावर आलं. कंपनीला जूनपासून माहीत होतं, कर्मचाऱ्याच्या वडिलांचीच कबुली. आणि हे शहर भोपाळ. कंपनीला आधीच माहीत होतं, या वाक्याचा अर्थ इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुपारी, ज्या गावी ती बाई दगावली होती तिथला एक बातमीदार दारात येऊन उभा राहिला. मालतीबाईंनी दार लावून घेतलं.

सोमवारी शर्वरीला कंपनीने स्क्रीनवर बोलावलं. वीस मिनिटांनी ती खाली आली आणि फोन बापापुढे धरला. कंपनीने तिला पुरावा म्हणून पाठवलेला कागद होता तो. अच्युतरावांचं पत्र, सरळ रेषेत कापलेलं, कोऱ्या कागदावर चिकटवलेलं, वर पेपरचं नाव, तारीख, पान सात. कोपऱ्यात शेरा, प्रतिकूल. तिकडेही कोणीतरी त्यांच्यासारखंच कात्री घेऊन बसलं होतं, आणि काम त्याने चोख केलं होतं.

"पोरी, मी तुझ्यासाठीच..." ते म्हणाले.

"माहितीये बाबा." ती रडत नव्हती. रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

बुधवारी हबीबगंजहून कुरिअरवाला येऊन लॅपटॉप घेऊन गेला. जूनमध्ये तिने वर पाठवलेले सगळे मेल त्यात होते. कंपनीने ते आधीच कुलूपबंद केले होते. बरोबरच्या तिघांनी फोन उचलणं सोडलं. त्यांनाही घरंदारं होतीच, त्यांना तरी काय बोल लावायचा.

गुरुवारी पेपर आला. अच्युतरावांनी कात्री घेतली नाही, नुसतं वाचलं. कोरवेदचं खंडन होतं. सदर दोष भोपाळस्थित कर्मचारी शर्वरी पांढरीपांडे यांच्या जूनमध्येच निदर्शनास आला असूनही त्यांनी तो वरिष्ठांपासून दडवून ठेवला, हे त्यांच्या वडिलांच्या प्रकाशित पत्रावरून स्पष्ट होते. संबंधितांस सेवेतून कमी करण्यात आले असून पोलिसांत तक्रार देण्यात आली आहे.

नाव, तारीख, तथ्य, सगळं जिथल्या तिथे. ही भाषा त्यांची होती. शाळा कोसळली तेव्हा सगळा दोष एका उपयंत्र्यावर, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअरवर, ढकलणारं असंच खंडन त्यांनी टाइप केलं होतं. खरं काय होतं ते कचेरीत सगळ्यांना माहीत होतं, त्यांनाही. ते टाइप करून ते कॅन्टीनमध्ये पोहे खायला गेले होते. त्या उपयंत्र्याचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

शर्वरी मागे येऊन उभी होती. तिनेही वाचलं होतं. बातमीवर बोट ठेवून तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, याचं खंडन कसं करतात?"

अच्युतरावांनी आठवून पाहिलं. चौतीस वर्षांत त्या तऱ्हेची शे-दीडशे खंडनं त्यांच्या हातून गेली होती. त्यातल्या एकालाही कोणाचं उत्तर आलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

ती वर निघून गेली.