तिसऱ्या झाडाची सावली
आत्यानं पुस्तक उघडून चिमणीसमोर सरकवलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

पानाच्या डाव्या कोपऱ्यात सूर्य, खाली ओळीनं चार झाडं. तीन फळांनी लगडलेली, शेवटचं रिकामं. वेगळं कोणतं ते ओळखायचं. चिमणीनं मुळीच वेळ न घालवता तिसऱ्या झाडाभोवती गोल काढला.

"बघ! शाळेतही हेच," आत्याचा भाऊ, चिमणीचा बाबा, म्हणाला. "बाई म्हणतात, इतकं साधं कळत नसेल तर पहिलीत बसवता येणार नाही. चित्रं काढणारी आत्या घरात आणि पोरीची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार!"

चिमणी पेन्सिलीचं टोक चावत राहिली. आत्याला भावाचा राग आला. पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. पोर चुकली असती तर अडखळली असती. ही तर ठाम होती.

"चिमणे, शेवटच्या झाडाला फळं नाहीत, दिसतं ना?"

"दिसतं की. कुणीतरी खाल्ली असतील."

"मग हे तिसरं का गं?"

चिमणीनं वडिलांकडे पाहिलं, मग बोट आधी सूर्यावर आणि नंतर झाडाच्या बुंध्याशी टेकवलं.

"सगळ्यांची सावली तिकडे. याचीच सूर्याकडे."

आत्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. या पुस्तकासाठी एकच झाड सावलीसकट काढून तिनं ते ट्रेसिंग पेपरनं चार वेळा उतरवलं होतं, नेहमीसारखंच. तिसऱ्या वेळी कागद उलटा पडला असणार. झाड दोन्ही बाजूंनी सारखंच, त्यामुळे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. सावली मात्र फिरली होती. हे पान किती वर्गांत गेलं असेल या विचारानं तिला ओशाळल्यासारखं झालं.

भाऊ वाकून पाहत होता.

"अगं, मग बाईंना का नाही सांगितलंस?" आत्यानं विचारलं.

"बाईंनी वर्गात सांगितलंय, हे माझ्या आत्याचं पुस्तक आहे म्हणून. मग सगळे तुला हसले असते."

आत्यानं तिला जवळ ओढलं. मग भावाकडून नंबर घेऊन शाळेला फोन लावला.

"बाई, मी चिमणीची आत्या. तिचं उत्तर बरोबर आहे हो. चूक माझ्या चित्रात आहे."

चिमणीनं तिची बाही ओढली.

"हळू बोल ना," ती कुजबुजली. "वर्गात ऐकू जाईल."