कारखान्याची दुसरी प्रत

रस तापवायच्या टाकीशेजारचा कॉम्प्युटर सकाळी सातला सुरू झाला नाही, तेव्हा केरू धनावडेने पहिला फोन मॅनेजरला लावला नाही. शमिका नागवेकरला लावला. शमिकाने तीन वर्षांपूर्वीच तो कारखाना सोडला होता. आता तिचं मारुती मंदिराजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्या वेळी ती घरी लेकीची वेणी घालत होती.

"शमिका, तो डबडा उठत नाय गो," केरू म्हणाला. "काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात नि थांबतात. आतून टिकटिक ऐकू येते."

"टिकटिक कसली? पंख्याची?"

"पंखा नाय. पाल चुकचुकते ना, तसा."

शमिकाने वेणी अर्धीच सासूच्या हातात दिली. हार्ड डिस्क पालीसारखी चुकचुकायला लागली की ती संपली, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

मे महिन्याची चोवीस तारीख होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला आप्पांचा कारखाना वर्षातले दोन महिने खऱ्या अर्थाने चाले, आणि त्यातले हे शेवटचे पंधरा दिवस. बाजारात पेटीला भाव मिळेनासा झाला की उरलेला हापूस कॅनिंगला, म्हणजे रस काढून डबाबंद करायला, येतो. आवारात क्रेटवर क्रेट रचलेले होते, वीस टनांच्या घरात, पिकून पिवळाजर्द झालेला माल. फाटकाबाहेर आणखी तीन टेम्पो उभे. असा आंबा दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही.

आणि सगळी लाइन त्या एका जुनाट कॉम्प्युटरवर चालत होती. रस किती तापवायचा, पंप कधी सोडायचा, डबा सीलबंद झाल्यावर उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायचा, हे सगळं त्यातला एक प्रोग्रॅम ठरवायचा. तो लिहून देणारी कंपनी कधीच बंद पडली होती. त्याची सीडी कुणाकडे नव्हती. शमिका नोकरीला लागली तेव्हाच तिला हे कळलं होतं. म्हणून तिने पहिल्याच महिन्यात त्या डिस्कची इमेज काढली. म्हणजे डिस्कवर जे काही होतं, विंडोज, प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंग्ज, रिकामी जागासुद्धा, सगळं जसंच्या तसं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून ठेवलं. नुसत्या फाइली कॉपी करून असा प्रोग्रॅम परत उभा राहत नाही. इमेजवरून मात्र नवी डिस्क जुनीसारखी करता येते. केरूला तिने ते मूर्तीच्या साच्याचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. मूर्ती फुटली तरी साचा असला की झालं.

ही इमेज ती दर महिन्याला नव्याने काढायची, आणि त्यासाठी लाइन दोन तास बंद ठेवायला लागायची. आप्पांचा पुतण्या नितेश मुंबईहून येऊन मॅनेजर झाला, तेव्हा त्याला ते दोन तास खुपायला लागले. मग त्याने एक कागद काढला, कारखान्याचं काहीही फाटकाबाहेर जाणार नाही, असा. सगळ्यांच्या सह्या घेतल्या. शमिकानेही सही केली. पुढे, "हंगाम संपल्यावर तुमचं काम तरी काय असतं?" असं त्याने एकदा चारचौघांत विचारलं, आणि तिने महिन्याभरात नोकरी सोडली.

सोडताना तिने इमेज असलेली एक्सटर्नल डिस्क नितेशच्या हातात दिली, वर चिठ्ठी चिकटवून. एक मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तशीच दुसरी प्रत तिने स्वतःच्या डिस्कवर घेतली होती आणि ती घरी नेली होती. सही केल्यानंतर.

ती पोचली तेव्हा साडेआठ वाजले होते. बायका आंबे धुवायच्या टाक्यांपाशी हात बांधून उभ्या होत्या. नितेश कॉम्प्युटरपुढे वाकून पुनःपुन्हा बटण दाबत होता. त्याच्या हातात सकाळीच दुकान उघडायला लावून आणलेली नवी डिस्क होती.

"ही बसवली की झालं ना?" त्याने विचारलं.

"बसवून रिकामीच राहील. इमेज कुठाय? मी दिलेली डिस्क?"

नितेश ऑफिसात गेला आणि घेऊन आला. तीच डिस्क होती, चिठ्ठी मात्र नव्हती. शमिकाने ती आपल्या लॅपटॉपला लावली. आत फोटो होते. कारखान्याच्या पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमाचे, पूजेचे, जेवणावळीचे, आणि ड्रोनने घेतलेला एक लांबलचक व्हिडिओ. बाकी काही नाही.

"इथे एक मोठी फाइल होती," ती म्हणाली.

"ती उघडत नव्हती," नितेश म्हणाला. "मी दोन-तीनदा बघितलं. क्लिक केलं की विचारायचं कशाने उघडू. मला वाटलं खराब झाली असेल. डिस्क फॉरमॅट केली."

"ती फाइल अशी उघडत नाही, नितेशसर."

"ते आता कळलं."

 पलीकडे आप्पा खुर्चीवर बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून. डिस्कवरचं पुसलेलं परत मिळवून देणारी माणसं मुंबईत असतात, हे शमिकाला ठाऊक होतं. पण त्याला आठवडा लागतो, आणि वर ड्रोनचा व्हिडिओ बसल्यावर त्या फाइलचं काही शिल्लक असण्याची आशा कमीच.

दुसऱ्या प्रतीची गोष्ट तिच्या जिभेवर आली आणि थांबली. सांगितलं तर सही मोडल्याचं कबूल करणं आलं. आणि नितेश काही तसं सोडून देणारा नव्हता. गावभर झालं असतं की नागवेकरांची सून कारखान्याचा माल चोरून घरी ठेवते. दुरुस्तीच्या धंद्यात लोक आपला लॅपटॉप विश्वासाने टाकून जातात. तो विश्वास गेला की दुकान बंदच करायचं. न सांगता निघून गेली असती तरी कुणाला कळलं नसतं. तिने बाहेर बघितलं. वरच्या क्रेटमधले आंबे उन्हाने मऊ पडायला लागले होते, आणि एक बाई पदराने माशा हाकत होती.

"माझ्याकडे एक प्रत आहे," ती म्हणाली. "घरी."

नितेशने वर बघितलं. "घरी म्हणजे? सही केली होतीत तुम्ही."

"हो. सही केली आणि तरी नेली."

"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? त्यात आपले सगळे रस तापवायचे आकडे आहेत, डब्यांचे..."

"नितेश," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. "ते नंतर बघू. शमिका, तू आधी जाऊन घेऊन ये."

नितेशने आणलेली डिस्क जुनीपेक्षा लहान होती. पाचशे जीबीची इमेज दोनशेचाळीसवर बसवायची म्हणजे नसता खटाटोप. म्हणून जाताना तिने आधी आपलं दुकान उघडून पाचशेची नवी डिस्क घेतली आणि मग स्कूटर नाचणे गावातल्या घराकडे वळवली. घरी कपाटाच्या खालच्या खणात हात घातला, तर तिथे डिस्क नव्हती. सगळा खण उपसला. साड्या, पासपोर्टचं पाकीट, नवऱ्याची, अजिंक्यची, जहाजावरची जुनी प्रमाणपत्रं.

"आई," तिने सासूला हाक मारली. "इथला काळा डबा बघितलात? पत्त्यांच्या कॅटएवढा?"

कमळाबाई स्वैपाकघरातून म्हणाल्या, "तो होय? गेल्या पावसाळ्यात कपाटाला वास मारायला लागला. मशीनला ओल लागू नये म्हणून मी तांदळात ठेवलंय गो. अजिंक्यने मागे फोन भिजला तेव्हा सांगितलं होतं."

तांदळाच्या डब्याच्या तळाशी, पातळ पिशवीत नीट गाठ मारून, डिस्क होती. शमिकाने ती पुसली, कानाशी धरून हलवली, आणि तिथेच ओट्यावर लॅपटॉपला लावून बघितली. फाइल जागेवर होती. ती लगेच निघाली.

कारखान्यात परत आल्यावर तिने पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला आणि आधी इमेज तपासायला लावली. तीन वर्षं पडून राहिलेल्या फाइलमधला एखादा तुकडा सडला असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. पस्तीस मिनिटं ती हिरवी पट्टी सरकताना बघत बसली. नितेश येऊन दोनदा म्हणाला, "सरळ टाकूनच बघू या ना." तिने मान हलवली, पण तपासणी थांबवली नाही. इमेज शाबूत निघाली. मग नवी डिस्क बसवून ती उतरवायला घेतली. त्याला सव्वा तास लागला. बायकांनी तेवढ्यात जेवून घेतलं.

पावणेदोनला कॉम्प्युटर उठला. तोच निळा पडदा, तोच टाकीचा आराखडा, कोपऱ्यात तिनेच कधीतरी ठेवलेलं गणपतीपुळ्याच्या समुद्राचं चित्र. पाठीमागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नितेशने लगेच टाकीकडे हात केला. "सोडा रस."

"थांबा," केरू म्हणाला. "आधी पाणी सोडू."

केरू पंचवीस वर्षं त्या टाकीवर होता. त्याने टाकीत पाणी भरायला लावलं, वाफ सोडली आणि पडद्यावर आकडा नव्वदला येऊन स्थिरावेपर्यंत वाट पाहिली. मग टाकीचं झाकण उचलून खिशातला काचेचा लांब थर्मामीटर आत धरला. बराच वेळ धरला. बाहेर काढून उजेडाकडे करून वाचला आणि शमिकाच्या हातात दिला.

थर्मामीटरवर शहाऐंशी होते.

"गेल्या वर्षी टाकीतला सेन्सर बदलला," केरू म्हणाला. "नवा चार डिग्री जास्त दाखवायचा. ज्याने बसवला त्याने ह्यात कायतरी आकडा टाकून तो जुळवला होता. आता परत जास्त दाखवतोय."

 इमेज तीन वर्षांपूर्वीची होती. कॉम्प्युटरला गेल्या वर्षीचा सेन्सर माहीतच नव्हता. रस नव्वदला तापला असं पडदा सांगत राहिला असता आणि तो शहाऐंशीवरच डब्यांत गेला असता. डबे सीलबंद होऊन, लेबल लागून, सातासमुद्रापार गेले असते आणि दोन-तीन महिन्यांत फुगायला लागले असते. आणि तिने मघाशी पडदा उठलेला बघितला तेव्हा, काम झालं, असंच ती समजली होती.

ती खुर्ची ओढून केरूपुढे बसली. "काका, मी गेल्यावर इथे काय काय बदललं ते सांगा. सगळं. आठवेल तसं."

केरूने डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. सेन्सर. मग लहान डबे, जे दोन वर्षांपूर्वी सुरू झाले. त्यांना उकळत्या पाण्यात मोठ्यांपेक्षा सात मिनिटं कमी. मग दुसऱ्या पंपाची गती, जी नितेशने स्वतः वाढवायला लावली होती. इथे नितेश पुढे आला आणि त्याने आकडा सांगितला. शमिकाने एकेक सेटिंग भरली, प्रत्येक वेळी केरूने पुन्हा पाणी तापवून थर्मामीटर धरला. पडदा नव्वद, काच नव्वद, असं लागोपाठ तीनदा आल्यावर त्याने मान डोलावली.

चारला दहा कमी असताना रस सुटला. रात्रपाळी लावून दोन दिवसांत सगळा माल उरकला. क्रेटच्या तळाचा दोनेक टन आंबा मात्र फुटून आंबला होता. तो टाकावा लागला.

रस सुटला त्याच संध्याकाळी आप्पांनी शमिका आणि नितेश दोघांना ऑफिसात बोलावलं. शमिकाने दुसरी प्रत टेबलावर ठेवली.

"ही तुमची. माझ्याकडे आता काही नाही," ती म्हणाली.

"विचारलं का नाहीस तेव्हा?" आप्पांनी विचारलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतंस."

"हो," शमिका म्हणाली. 

नितेश टेबलावरच्या डिस्ककडे बघत होता. "आणि कारखान्यातली प्रत मी पुसली, आप्पा," तो म्हणाला. "तेही लक्षात घ्या." मग शमिकाकडे वळून, थोडं अडखळत, "तो कागद बदलू या. एक प्रत आत, एक बाहेर. बाहेरची कुणाकडे ते नावानिशी लिहू. तुम्ही ठेवाल?"

"ठेवीन. पण नुसती ठेवून उपयोग नाही. ती बसवून बघायला हवी. आणि ते इथल्या कुणालातरी यायला हवं."

रविवारी लाइन बंद होती. शमिकाने ताजी इमेज काढली, नवे आकडे, नवा सेन्सर, सगळं धरून. मग नितेशला खुर्चीत बसवलं आणि एक कोरी डिस्क त्याच्या हातात दिली. तो एकेक पाऊल विचारत गेला. कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी, हे निवडताना त्याचा हात थबकला, तेव्हा ती म्हणाली, "इथेच थांबायचं आणि दोनदा वाचायचं. उलट झालं तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते." त्याने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

दीड तासाने पडदा उठला. नितेशने खुर्चीत मागे टेकून घाम पुसला.

"जमलं," तो म्हणाला. "आता?"

"आता ही नवी डिस्क पुसा आणि पहिल्यापासून परत करा," शमिका म्हणाली. "या वेळी मी बाहेर बसते."