होग्नीची आठ मिनिटं

जावई नुसता आळशी असता तर मी काही बोलले नसते. आळशी माणसं मला नवीन नाहीत. माझा सख्खा भाऊ त्रोन्दुर त्यातलाच. पण होग्नी लबाड आहे अशी माझी खात्री झाली होती.

माझ्या मुलीशी, रान्वाशी लग्न करून तो दक्षिणेकडच्या बेटावरून आमच्या गावी आला तो माझ्याच घरात. माझा नवरा गेल्यापासून मेंढरं आणि बटाट्याचं शेत माझ्या एकटीच्या गळ्यात होतं. म्हटलं, बरं झालं, घरात एक पुरुष आला.

पहिल्याच सप्टेंबरात बटाटे काढले. शेतातून घराकडे यायची वाट चढाची. होग्नीने पोतं खांद्यावर घेतलं, तीसेक पावलं गेला आणि थांबला. पोतं खाली ठेवून बुटाशी खुडबुड करू लागला.

"काय रे, नाडी सुटली का?" मी खालून ओरडले.

"हो, आई."

जवळ जाऊन बघते तर पायात रबरी बूट. त्यांना नाडीच नाही.

तो असाच दोन-तीनदा थांबला, शेवटी म्हणाला, पाय दुखतात. त्यानंतर मात्र गड्याने अकरा पोती एका दमात वर नेली. त्रोन्दुर धापा टाकत राहिला आणि हा शीळ घालत होता. हे कसलं दुखणं, जे सुरुवातीलाच येतं आणि मग आपोआप पळून जातं?

पुढच्या उन्हाळ्यात सणाला गावाचा नाच झाला. हातात हात गुंफून, पाय आपटत, गाणी म्हणत फेर धरायचा. होग्नी तीन तास फेरातून हलला नाही. रान्वा कौतुकाने म्हणाली, "आई, बघ ना, किती छान नाचतो!" मला तेच बघवेना. पोतं उचलताना पाय दुखतात आणि नाचताना दुखत नाहीत?

मग मी त्याच्यावर पाळत ठेवली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाट दिसते. तो कामाला लागला की मी घड्याळ बघायची. किती वाजता थांबला, किती वाजता नीट चालायला लागला, सगळं जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायची. दोन महिन्यांत पान भरलं. सुरुवातीपासून सात मिनिटं, आठ, आठ, नऊ, आठ. एक दिवस ते पान मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"आठ मिनिटं झाली की खडखडीत बरा! खरं दुखणं घड्याळ बघून बरं होतं का?"

रान्वा भडकली. "लाज नाही वाटत तुला? स्वतःच्या जावयावर हेरगिरी?"

होग्नी मान खाली घालून म्हणाला, "लहानपणापासून असंच आहे, आई. मास्तर मला ढोंगी म्हणायचे. डॉक्टरला दाखवलं, तर म्हणाले व्यायाम कमी पडतो."

म्हणजे डॉक्टरनेही ओळखलं होतं, असं मी मनात म्हटलं.

ऑक्टोबरात सगळं गाव डोंगरावरची मेंढरं खाली आणायला निघालं. पायथ्याशी आम्ही रांग धरतोय तोच एक एडका रांगेतून निसटला आणि वर धावत सुटला. होग्नी त्याच्या सगळ्यांत जवळ होता. मी सगळ्यांदेखत ओरडले, "जावईबापू, नाडी बांधून झाली असेल तर पळा आता!"

लोक हसले. होग्नीने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तो धावला. चढावर, जीव तोडून. शंभरेक पावलांवर कोसळला.

"बघ हं, आठ मिनिटांत उठेल," त्रोन्दुर माझ्या कानाशी म्हणाला.

सांगायला लाज वाटते, पण मी खरंच घड्याळ पाहिलं. आठ झाली, दहा झाली, वीस झाली. तो ओठ चावत पडून होता. मी त्याच्या पोटरीला हात लावला. दगड झाला होता पायाचा. दुपारी त्याला लघवी झाली ती काळ्या कॉफीच्या रंगाची. त्याला तातडीने हॉस्पिटलात नेलं.

तिथली डॉक्टरीण शांत बाई. सलाईन लावून झाल्यावर तिने होग्नीला विचारलं, "एरवी किती वेळाने बरं वाटतं?"

"नक्की नाही सांगता येणार."

"आठ मिनिटांनी," मी म्हणाले. "नऊच्या वर नाही."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"लिहून ठेवलंय."

"कशासाठी?"

आता लपवून काय करणार? "हा ढोंग करतो हे दाखवायला."

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "तो कागद मला आणून द्या."

पुढे होग्नीच्या तपासण्या झाल्या. मूठ जोरात आवळायला लावून रक्त घेतलं. स्नायू आपल्यातली साखर घाईघाईने वापरतो तेव्हा रक्तात एक आम्ल वाढतं. होग्नीचं जरासुद्धा वाढलं नाही. महिन्याभराने तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं.

"भाकरी खा, बटाटा खा, पोटात त्याची साखरच होते. लगेच लागत नाही ती साखर शरीर साखळ्या करून साठवतं. थोडी यकृतात, थोडी स्नायूंत. काम पडलं की स्नायू आपली साखळी तोडतो आणि ती साखर वापरतो. होग्नीच्या स्नायूंत साठा भरपूर आहे, पण ती साखळी तोडणारं द्रव्य जन्मापासून नाही. कोठार भरलेलं आणि दाराला कुलूप."

"मग आठ मिनिटांनी बरा कसा होतो?" मी विचारलं. शंका माझी जातच नव्हती.

"यकृताचं कोठार उघडतं ना. तिथली साखर रक्तातून पायांपर्यंत येते, चरबीही येते. त्याला एवढा वेळ लागतो. तोवर याने सावकाश चालायचं. त्याआधीच जीव तोडून पळाला की उपाशी स्नायू तुटतो, आणि लघवी काळी होते ती त्यामुळे. आणि जड कामाआधी पाच मिनिटं गोड सरबत प्यायचं."

होग्नी भिंतीकडे बघत बसला. मी म्हणाले, "माझं चुकलं रे." त्याने नुसती मान हलवली. माफ केलं की ऐकलं एवढंच, ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, "सख्ख्या भावंडांतही असू शकतं हे."

होग्नीची थोरली बहीण एल्स्पा त्यांच्या बेटावरच राहते. दोन लग्नं मोडलेली, मासे कापायच्या कारखान्यातून कामचुकार म्हणून तीनदा काढलेली. त्याने गाडीतूनच तिला स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मग तिचा आवाज आला. "होग्नी, हे सगळं सावकाश सांग परत. मी कागद घेते."