चार किलोंचं खोटं

मित्रांनो, माझ्या तबकडीची काच एका कडेला तडकली आहे, पण रिकामा असलो की माझा काटा अजूनही बरोबर शून्यावर थांबतो. हे आधीच सांगतो, कारण डुकरांच्या शेडमधल्या या जुन्या वजनकाट्याबद्दल तुम्ही भलतंसलतं ऐकलं असेल.

मालकांनी मला आणलं तेव्हा शेडच्या दाराशी सपाट फरशीवर बसवलं आणि माझ्या पाटावर पिंजरा चढवला. दर सोमवारी, खाणं टाकण्याआधी, आईपासून तोडलेली पिल्लं एकेक करून पिंजऱ्यात यायची. पिल्लांचं सगळं बघणारी मावशी त्यांना आत ढकलायची, मालक आकडा वाचायचे आणि मावशी तो वहीत लिहायची.

"ग्रॅमभर इकडचं तिकडे होत नाही," मालक पाहुण्यांना सांगायचे. हे जरा जास्तच होतं. मी पाव किलोपर्यंतच नेमका आहे. पण कौतुक कोणाला नको असतं?

यंदा मालकांनी पिल्लांचं शेड धाकट्या भावावर सोपवलं. लहानपणी तो माझ्यावर उभा राहून उड्या मारायचा. मला तो घरचाच वाटायचा.

पिल्लं अडीच महिन्यांची झाली आणि काहींचं वजन आधी थांबलं, मग उतरू लागलं. पाठीचे मणके वर आले, केस राठ झाले, कातडी फिकट पडली. मी दर आठवड्याला दाखवत होतो: तेरा, बारा, साडेदहा.

"मालकांना सांगू या," मावशी म्हणाली.

"दादानं पहिल्यांदा काही सोपवलंय, आणि मी लगेच रडत जाऊ? धरतील अंग आपोआप."

पुढच्या सोमवारी मावशी पिंजऱ्याचं दार धरून पाठमोरी उभी होती. भावानं आपला बूट हळूच माझ्या पाटाच्या कडेवर टेकवला. "चौदा!" तो ओरडला. पिल्लू दहाचंच होतं. माझा काटा मात्र खरोखर चौदावर होता. मित्रांनो, मी खोटं बोललो नाही, माझ्याकडून ते वदवून घेतलं गेलं. असे तीन सोमवार गेले. वहीतले आकडे चढत राहिले आणि आजारी पिल्लं धडधाकट पिल्लांच्या कप्प्यातच राहिली.

आठ पिल्लं मेल्यावर मालकांनी डॉक्टरताईंना बोलावलं. त्यांनी वही चाळली, कप्प्यात पाहिलं, पुन्हा वही पाहिली.

"हे सतरा किलोचं? दगड खातं की काय?"

"काटा जुना झालाय," भाऊ पटकन म्हणाला.

"बघू की."

त्यांनी पंचवीस किलोंचं, शिलाई न उसवलेलं खाद्याचं पोतं माझ्यावर ठेवायला लावलं. मी पंचवीस दाखवले. मग ते पिल्लू ठेवलं. साडेनऊ.

मालकांनी भावाकडे पाहिलं. भावानं फरशीकडे.

नुकत्याच मेलेल्या दोन पिल्लांच्या जांघेतल्या सुजलेल्या गाठी ताईंनी तपासणीला पाठवल्या. "पिल्लांना खंगवणारा विषाणूचा रोग दिसतोय, पण नुसता विषाणू सापडून भागत नाही," त्या म्हणाल्या. "तो निरोगी डुकरांतही असतो. पिल्लू खंगलेलं हवं, गाठींतल्या संरक्षक पेशी कमी झालेल्या हव्यात आणि विषाणू त्याच जागी सापडायला हवा." तिन्ही गोष्टी जुळल्या. "वजनं तीन आठवड्यांपूर्वी खरी कळली असती, तर आजारी पिल्लं लगेच वेगळी काढता आली असती."

चाळीसपैकी एकवीस गेली.

मला वाटलं, आता तरी माझी बाजू कोणी घेईल. शेजारचे शेडवाले विचारपूस करायला आले, तेव्हा मालकांनी माझ्या तबकडीवर हात ठेवला. "यानं दगा दिला हो. जुनं यंत्र. आमचा धाकटा बिचारा काय करणार?"

पंचवीस किलोंचं पोतं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मावशीनंही पाहिलं होतं. ती खाली बघून फरशी धूत राहिली.

आता मी शेडमागे पत्र्याखाली पडलो आहे. मित्रांनो, मला तेल नको, नवी काच नको. घरच्या माणसाची चूक जरूर पोटात घाला, पण त्यासाठी खरं सांगणाऱ्याला खोटं पाडू नका. आकडा आवडला नाही, तर पुन्हा मोजा.

परवा पिल्लांची नवी खेप आली. त्यातली दोन-तीन खाण्याकडे फिरकत नाहीत, असं मावशी कुणाला तरी सांगत होती. आज सोमवार आहे. नव्या काट्याचा आकडा भाऊच वाचतो आहे. इथून मला फक्त त्याचा आवाज ऐकू येतो.