आपली खुर्ची आपण न्यायची

मित्रांनो, जरा थांबा, एकदम बसू नका. माझा एक पाय तारेनं बांधलेला आहे आणि बैठकीचं कापड मध्यभागी विरलं आहे. मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. स्वतःला खुर्ची म्हणवून घ्यायला मला थोडा संकोचच वाटतो, कारण मला ना पाठ आहे ना हात. चार लाकडी पाय, दोन पितळी बिजागऱ्या आणि जाड हिरवं कापड, एवढाच माझा संसार. घडी घातली की काखेत मावते. पण मी जितक्या घरांत जाऊन आले तितक्या घरांत कुठलीही गुबगुबीत खुर्ची गेली नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. मला छाती नाही, ही गोष्ट वेगळी.

एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं ते कालव्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या लोकांसाठी. एका पोस्टमननं मला विकत घेतलं. आठवडाभर चालून चालून त्याच्या पायांचे तुकडे पडायचे, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो माझ्यावर बसून पाण्याकडे बघत राहायचा. मासे क्वचितच मिळायचे. त्याचं त्याला काही वाटत नसे आणि मलाही नसे. तो गेल्यावर मी त्याच्या मुलीकडे आले. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताई भाड्याच्या घरात राहणाऱ्या लोकांसाठी काम करणारी एक छोटी संस्था चालवायची. कुणाचं छत गळतंय, कुणाला मालक उगाच घराबाहेर काढतोय, अशा तक्रारी घरोघर जाऊन लिहून घ्यायच्या, त्यांचा अहवाल करायचा आणि शहराच्या समितीपुढे ठेवायचा, म्हणजे नियम बदलतील. सुरुवातीला एकदा ताई एका आजारी आजोबांकडे गेली होती. त्यांच्या घरात एकच खुर्ची. आजोबांनी ती पुढे केली आणि स्वतः भिंतीला धरून अर्धा तास उभे राहिले. लिहिण्याच्या नादात ताईच्या ते लक्षातच आलं नाही. घरी येऊन ती खूप रडली आणि दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून कामावर गेली. तेव्हापासून संस्थेत नियमच झाला: आपली खुर्ची आपण न्यायची.

दरवर्षी लांबच्या देशांतली कॉलेजची मुलं-मुली दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी आमच्याकडे एकेक करून यायची. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात मी आणि एक वही दिली जायची. काहींची तोंडं उतरायची. धोरणं ठरवायला आलो आणि हातात खुर्ची, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. एक जण तर इतका उंच होता की माझ्यावर बसला की त्याचे गुडघे कानाला टेकायचे. पण दोन आठवड्यांत सगळ्यांना माझी सवय व्हायची. जाताना प्रत्येक जण माझ्या बैठकीच्या खालच्या बाजूला पुढच्यासाठी एक ओळ लिहून जायचा. 'कोपऱ्यावरच्या घरातला कुत्रा फक्त भुंकतो.' 'पहिला प्रश्न विचारण्याआधी बूट काढा.' 'कुणी रडलं तर गप्प बसा.' नवीन आलेला मला आधी उलटी करायचा, सगळ्या ओळी वाचायचा आणि मगच बसायचा. लोक आपल्या वस्तूचं कौतुक वरून करतात. माझं कौतुक खालून व्हायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग ती आली. समोरचा माणूस बोलेल ते अक्षरन् अक्षर ती टिपून घ्यायची, म्हणून ताईनं तिचं नाव टिपकागद ठेवलं. पोर गुणी होती. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन तिला एवढ्या लांब पाठवलं होतं आणि तिला त्याची पुरेपूर जाणीव होती.

"आई, इथे मला झेरॉक्स काढायला नाही गं बसवलं," पहिल्याच आठवड्यात ती फोनवर सांगत होती. "खरं काम दिलंय. लोकांच्या घरी जाते मी."

"नीट खातेस ना पण?" पलीकडून आईचा आवाज आला. आयांना बाकी कशाशी काय घेणं?

तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर गेलो. जिन्यात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा वाजवत एक माणूस खाली येत होता. तो मला धक्का मारून गेला, साधं मागे वळूनही पाहिलं नाही. तो मालकाचा वसुलीवाला होता. वर एक शिवणकाम करणारी बाई एकटीच राहत होती. टिपकागद तिला मावशी म्हणू लागली.

मावशीच्या छतातला पाण्याचा पाइप सडला होता. पाणी बारा महिने गळायचं. तिनं खोलीभर सात भांडी मांडून ठेवली होती. शिलाई मशीन चालवता चालवता कुठलं भांडं भरत आलं ते तिला थेंबांच्या आवाजावरून कळायचं. मग ती न बघता उठायची आणि नेमकं तेच भांडं रिकामं करायची. सातवं भांडं म्हणजे बाळाला अंघोळ घालायचा निळा टब होता. त्याच्या काठावर दातांच्या खुणा होत्या.

"माझ्या मुलीच्या आहेत," मावशी म्हणाली. "दात येत होते तेव्हा टबात बसून काठ चावत बसायची. आता तिला चष्मा लागलाय. दुसऱ्या गावी असते. तिला वाटतं, पाइप कधीच दुरुस्त झाला."

टिपकागदची पेन्सिल भराभर चालली होती. मावशीचं तिकडे लक्ष गेलं आणि तिनं मशीन थांबवलं.

"हे बघ बाळ, नाव नको हं माझं. मालकाला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी मला बाहेर काढेल. माझी सगळी गिऱ्हाइकं याच गल्लीतली. इथून उठले तर या वयात नव्यानं कुठे दुकान मांडू?"

"तुम्हाला कुणी ओळखणार नाही, मावशी," टिपकागद म्हणाली. "माझा शब्द."

तिनं तो शब्द मनापासून दिला होता. मी तिच्याखालीच होते, मला माहीत आहे.

तो पाळण्यासाठी तिनं आटापिटाही केला. ताईनं शिकवलेला नियम होता: नाव, वय आणि मजला बदलायचा. टिपकागदनं तिन्ही गोष्टी बदलल्या. वर शिवणकामाच्या जागी कपडे धुण्याचं काम लिहिलं. सातांची पाच भांडी केली. निळा टब मात्र तिच्याकडून सुटेना. दोनदा खोडून तिनं तो पुन्हा लिहिला. ताईनं मजकूर वाचला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

"हे वाचून दगडालाही पाझर फुटेल गं," ती म्हणाली. "एक शब्द बदलू नकोस."

मलाही तेव्हा भरून आलं होतं. खोटं कशाला सांगू?

समितीच्या सुनावणीला सभागृह खचाखच भरलं होतं. ताईनं मला बरोबर आणलेलं होतंच. मागे दाराशी एक माणूस ताटकळत उभा होता. ताईला तो कोण हे ठाऊक नव्हतं. आजोबांच्या त्या दिवसापासून कुणी उभं राहिलेलं तिला बघवतच नसे. तिनं मला उघडून त्याच्यापुढे केलं. तो माझ्यावर बसला आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला.

मी त्याला आवाजावरून ओळखलं. पण मित्रांनो, ओळखून मी काय करणार होते? मला तोंड नाही.

समितीतल्या एक ज्येष्ठ बाई अहवालातलं एक पान मोठ्यानं वाचू लागल्या. पाच भांडी आली, थेंबांचे आवाज आले. माझ्यावर बसलेला माणूस पाय हलवत जांभया देत होता. मग निळा टब आला. काठावरच्या दातांच्या खुणा आल्या. त्याचा पाय हलायचा थांबला. तो टब ओलांडून तो किती वेळा त्या खोलीत गेला असेल कुणास ठाऊक. वाचन संपलं तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे बसलेल्या टिपकागदचे कान लाल झाले होते आणि ताई तिची पाठ थोपटत होती. मागे तो माणूस उठून गेला. त्याच्या वजनातून सुटल्यावरही मला हलकं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात टिपकागद छापील अहवालाची प्रत घेऊन मावशीकडे निघाली. मला घेऊन ती एकेका उडीत दोन पायऱ्या चढत होती. मावशीनं दार उघडलं आणि एक कागद तिच्या हातात दिला. मालकाची नोटीस होती. पाइप दुरुस्त करायचा आहे, तेव्हा महिन्याभरात खोली रिकामी करावी.

"इतकी वर्षं पाइप गळतच नाही म्हणत होता," मावशी म्हणाली. "आता एकदम दुरुस्ती. आणि कागद देताना तो किल्लीवाला हसून काय म्हणाला माहितीये? म्हणाला, 'लेकीचा टब जपून न्या हं.'"

टिपकागद मटकन जमिनीवर बसली. मी तिच्या हातात होते तरी तिला मला उघडायचं सुचलं नाही.

संस्थेच्या वकिलांनी खूप धडपड केली. नोटिशीत कुठेही खोट सापडेना. मालक दुरुस्ती करणार होता, आणि नेमकं तेच तर आम्ही समितीकडे मागितलं होतं. टिपकागद जेवेनाशी झाली. तिच्या आईचे फोन येत, अहवाल घरी सगळ्यांना दाखवला म्हणून आई सांगे. ती नुसतं "हो आई" म्हणायची.

"चूक माझी आहे," ताई तिला म्हणाली. "एक शब्द बदलू नकोस असं मीच म्हणाले होते."

"पण शब्द मी दिला होता, ताई."

मावशी जायची होती त्या सकाळी टिपकागद आणि मी तिथे गेलो. सामान जवळजवळ सगळं उतरवून झालं होतं. शिलाई मशीन गेलं होतं, घरातली एकुलती एक खुर्चीही गेली होती. मावशी रिकाम्या खोलीत दमून उभी होती. टिपकागदनं मला उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. इतक्या वर्षांत लोकांच्या घरी मी शेकडो वेळा गेले, पण त्या घरचं माणूस माझ्यावर बसलं ते त्याच दिवशी पहिल्यांदा. मावशी बसली आणि टिपकागद भिंतीशी उभी राहिली.

"वाच," मावशी म्हणाली. "काय लिहिलंयस ते वाचून दाखव तरी."

तिनं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मावशी मान खाली घालून ऐकत होती.

"छान लिहिलंयस गं," ती शेवटी म्हणाली. "माझी मुलगीच दिसली डोळ्यासमोर. पण हे आधी वाचून दाखवलं असतंस ना, तर मीच सांगितलं असतं. टब काढ म्हटलं असतं. बाकी सगळं राहू दे म्हटलं असतं."

बस, एवढंच म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. टिपकागद हुंदके देत राहिली आणि मावशीनं तिला गप्प करायचा प्रयत्नही केला नाही. तेवढं देणं तिला त्या दिवशी शक्य नव्हतं.

सहा भांडी खाली गेली. टिपकागद टब उचलायला वाकली तशी मावशीनं तिचा हात धरला.

"तो राहू दे. सगळ्यात जास्त पाणी त्यातच पडतंय. खालच्यांच्या घरात जाईल."

मग ती माझ्यावरून उठली आणि मागे न बघता जिना उतरली.

टिपकागदचे दहा आठवडे संपले. निघायच्या दिवशी तिनं मला उलटं केलं आणि आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या. शेवटी लिहिलं, 'नाव बदलून भागत नाही. लिहिलेलं आधी त्यांना वाचून दाखवा.' तिचं अक्षर एरवी मोत्यासारखं, पण ही ओळ वाकडीतिकडी आली आहे. दोन वर्षांनी दुरुस्तीचे नियम खरंच बदलले. दुरुस्तीनंतर खोली जुन्या भाडेकरूलाच परत द्यायची, असं ठरलं. तोवर मावशीच्या खोलीत दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. मावशी कुठे गेली ते ताईला शोधूनही सापडलं नाही.

पुढची काही वर्षं नव्या मुलांनी ती ओळ वाचली आणि पाळली. लिहिलेलं घेऊन ती पुन्हा जिने चढायची, लोकांना वाचून दाखवायची, लोक म्हणतील ते खोडायची. अहवाल थोडे रूक्ष झाले. कुणाच्या डोळ्यांत पाणी येईना, पण कुणाच्या दारावर नोटीसही आली नाही. मग ताई थकली आणि निवृत्त झाली. नवे लोक आले. तक्रारी फोनवर भरून घ्यायची पद्धत आली आणि मी कपाटामागे गेले. एकदा कुणीतरी घड्याळ लावायला माझ्यावर उभं राहिलं आणि माझा पाय मोडला. तो तारेनं बांधून मला पुन्हा कपाटामागे सारलं. आठ वर्षं मी भिंतीला टेकून उभी होते.

काल एका नव्या मुलीनं मला बाहेर काढलं. फोनवर लोक मोकळेपणानं बोलत नाहीत, म्हणून तिला पुन्हा घरोघर जायचं आहे. तिची वही कोरी आहे आणि डोळ्यांत तीच जुनी चमक आहे. तिनं ओल्या फडक्यानं मला पुसलं, पण फक्त वरून. उद्या सकाळी ती मला घेऊन कुणाच्या तरी घरी जाणार आहे. तिथलं माणूस आधी घाबरेल, मग हळूहळू बोलेल, आणि ती म्हणेल, "तुम्हाला कुणी ओळखणार नाही."

मित्रांनो, मला नवं कापड नको, नवा पायही नको. तुमच्यापैकी कुणाला ती वाटेत भेटली, तर माझं एवढं काम करा. तिला म्हणावं, बाई गं, बसण्याआधी खुर्ची एकदा उलटी करून बघ.